शंभरातले बहात्तर

सुईमावशींना खऱ्या नावाने हाक मारणारं दवाखान्यात कुणी उरलं नव्हतं. पगाराच्या कागदावर तेवढं ते नाव असे. एकतीस वर्षं त्या सरकारी आरोग्य खात्यात लसी टोचत आणि रक्ताचे नमुने घेत होत्या. तान्ह्या पोराच्या हातातली दोऱ्याएवढी शीरसुद्धा त्यांना पहिल्या प्रयत्नात सापडायची. रडायच्या तयारीत असलेलं पोर ओठ काढायचं आणि तेवढ्यात सगळं आटोपलेलं असायचं. त्यातल्याच कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. मावशींना त्याचा राग नव्हता. "हातात सुई आहे, जिभेवर नाही, एवढं पुष्कळ झालं," म्हणायच्या.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. जवळचं माणूस म्हणजे धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस, पण त्यांच्या लेखी अजून बारक्याच. त्याचं पुस्तकबांधणीचं छोटं दुकान होतं. सुटी झालेली पानं शिवायची, नवे पुठ्ठे चढवायचे, ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं धडधाकट करून परत पाठवायची. एकतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्यांनी दगा दिला. दोन वर्षं यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्यात गेली. मग मावशींनी आपली एक किडनी काढून त्याला दिली. घरात चर्चा वगैरे काही झाली नाही. तपासण्या जुळल्या त्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज टाकला, बस्स.

बारक्या त्या किडनीला 'पाहुणी' म्हणायचा. "पाहुणी कशी आहे?" असं मावशींनी फोनवर विचारायचं आणि "मजेत आहे, जायचं नाव काढत नाही," असं त्याने सांगायचं. अकरा वर्षं हे चाललं होतं. मात्र पाहुणीला शरीराने परकं समजून हाकलू नये, म्हणून त्याला रोज दोन वेळा गोळ्या घ्याव्या लागत. त्या गोळ्या अंगातली प्रतिकारशक्ती दाबून ठेवत. साधी सर्दीही त्याला पंधरा दिवस पुरायची.

त्यामुळे साथ आली तेव्हा सगळ्यात आधी त्याच्या घराचं दार बंद झालं. दुकानाला कुलूप लागलं. त्याची बायको किराणा दाराबाहेर ठेवून घ्यायची, दोन-दोन दिवस त्या सामानाला हात लावायची नाही. मावशी दर रविवारी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभ्या राहत. बारक्या वर जाळीच्या दाराआड स्टुलावर बसे. अर्धा तास गप्पा व्हायच्या, त्याही आरडून, कारण दोघांच्या तोंडावर मास्क आणि मध्ये बारा पायऱ्या. शेजाऱ्यांना त्यांच्या घरची सगळी खबर व्हायची. आठ महिने असे गेले.

आठव्या महिन्याच्या शेवटी आकडे उतरले. वॉर्डातल्या खाटा रिकाम्या पडायला लागल्या. तेव्हा खात्याने ठरवलं की शहरात किती जणांना हा आजार नकळत होऊन गेला, ते रक्त तपासून पाहायचं. होऊन गेला असेल तर रक्तात त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं सापडतात. मावशींच्या वाट्याला चार वस्त्या आल्या. सोबत एक मुलगी होती, तिच्या हातात टॅब्लेट. ती माहिती भरायची आणि मावशी रक्त घ्यायच्या.

नियम सोपा होता. दर दहावं घर घ्यायचं आणि त्यातल्या एका मोठ्या माणसाचा नमुना घ्यायचा. घर बंद असेल किंवा नको म्हणतील तर लगेच शेजारचं दार वाजवायचं. चारशे नमुने पुरे करायचे.

मावशींनी ते सोळा दिवसांत पुरे केले. लोक उत्साहाने हात पुढे करत होते. एका किराणा दुकानदाराने तर बाही आधीच वर करून ठेवली होती. "मला झालाच असणार हो, महिनाभर वास येत नव्हता. दुकान एक दिवस बंद ठेवलं नाही मी!" काही दारं मात्र उघडलीच नाहीत. आतून आवाज यायचा. "आई आजारी आहे, आम्ही कुणाला आत घेत नाही." "नको बाई, पुढे जा." एका दाराच्या भिंगातून एक डोळा नुसताच त्यांच्याकडे बघत राहिला. टॅब्लेटमध्ये अशा दारांसाठी जागा नव्हती, 'पुढील घर' एवढंच बटण होतं. पण मावशींना सगळं लिहून ठेवायची सवय. एकाच दारावर दोनदा जायला नको, म्हणून त्यांनी आपल्या खिशातल्या वहीत न उघडलेल्या दारांचे पत्ते टिपले. शेवटी मोजले तर दोनशे एकतीस भरले. "पाय उगाच नाही दुखत माझे," त्या मुलीला म्हणाल्या, आणि वही कपाटात पडली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. शंभरातले बहात्तर.

खात्याच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं होतं. सर्वेक्षणाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, फळ्यासमोर उभे राहिले. शांत, सरळ माणूस. कधी कुणावर ओरडलेले कुणी ऐकले नव्हते. त्यांनी फळ्यावर ठिपके काढले. म्हणाले, "आजाराला एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला वाट लागते. आता चारातल्या जवळपास तिघांना तो होऊन गेलाय. त्याने जिकडे वळावं तिकडे दार बंद. उरलेल्या एकाभोवती या तिघांची भिंत उभी आहे. याला सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात, इंग्रजीत कळपाची प्रतिकारशक्ती." टाळ्या वाजल्या. मावशींनीही वाजवल्या.

त्यांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण ही भिंत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. नोकरीला लागल्या तेव्हा दवाखान्यात गोवराच्या मुलांसाठी वेगळी खोली होती, बारा खाटांची. मग घरोघर लस पोचली. पाच-सात वर्षांत त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायला लागले. ज्या तान्ह्यांना अजून लस देता येत नव्हती तीही वाचली, कारण आजार त्यांच्यापर्यंत आणणारं कुणी उरलंच नव्हतं. एवढं ढळढळीत पाहिलेल्या बाईने शंका कशाला घ्यावी?

रविवारची वाट न बघता त्या संध्याकाळीच भावाकडे गेल्या. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबल्या नाहीत. थेट जाळीपर्यंत गेल्या.

"बारक्या, दार उघड. बाहेर ये."

तो आत दोन पावलं मागे सरकला. "काय झालं ताई?"

"शंभरात बहात्तर निघाले. भिंत झाली. कळपाची प्रतिकारशक्ती."

"कळप म्हणे!" तो हसला. "आपण काय शेळ्या?"

"शेळी तर शेळी. आठ महिन्यांत तुझा रंग बघ, खळ लावलेल्या कागदासारखा झालायस. मास्क लाव, पण बाहेर ये. दुकान उघड."

त्याची बायको आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "ताई, नक्की ना? यांचे डॉक्टर अजून थांबा म्हणताहेत."

"अगं, ते रक्त मीच काढलंय," मावशी म्हणाल्या. "स्वतःच्या हाताने."

दुसऱ्या दिवशी बारक्या केस कापून आला. आठवड्याने दुकानाचं कुलूप निघालं. सात आठवडे तो खुशीत होता. ग्रंथालयाकडून सत्तर पुस्तकांचा गठ्ठा आला होता, त्यात त्याने मान घातली होती.

आठव्या आठवड्यात साथ परत आली. परत आली म्हणजे पहिल्यापेक्षा दुप्पट जोराने आली. मावशींना सगळी कामं सोडून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सकाळी आठ ते रात्री आठ, नखशिखांत प्लास्टिकच्या पोशाखात, चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन खाटेखाटेशी जायचं आणि रक्त घ्यायचं. पहिल्या दोन दिवसांत त्या फक्त शिरा बघत होत्या, चेहरे बघायला उसंत नव्हती. तिसऱ्या दिवशी एका खाटेवरचा माणूस ऑक्सिजनच्या मास्कमधून पुटपुटला, "ओळखलं नाही का? मी किराणावाला." मावशी थबकल्या. त्याच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडं निघाली होती. त्याने तो निकालाचा कागद दुकानात काचेखाली लावला होता, असं त्यानेच सांगितलं. "मला तर झाला होता ना? मग?" तो विचारत होता. मावशींनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला.

मग त्यांचं लक्ष चिठ्ठ्यांवरच्या पत्त्यांकडे गेलं. एक पत्ता वाचला आणि वाटलं, हा जिना आपण चढलोय. दुसरा वाचला. तिसऱ्याला त्यांना लोखंडी दार आठवलं, त्यावरची निळी पाटी आठवली, आणि आतून आलेला आवाजही. आई आजारी आहे, आम्ही कुणाला आत घेत नाही. ती आई आता समोर होती, खाट क्रमांक सव्वीस.

त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. जी दारं उघडली नव्हती त्यांच्याआड ही माणसं होती. जपून राहणारी, आजार अजून न शिवलेली. आणि जी उघडली, ती बिनधास्त फिरणाऱ्यांची, होऊन गेलेल्यांची. आपण मोजलं कुणाला? उघडणाऱ्यांना. बहात्तर निघाले ते त्यांच्यातले. या दोनशे एकतीस दारांआडची माणसं त्या शंभरात कधी धरलीच नव्हती.

"मावशी, बरं वाटत नाही का?" नर्सने विचारलं.

"नाही, नाही. चिठ्ठ्या दे पुढच्या."

पुढच्या गठ्ठ्यात वरून चौथ्या चिठ्ठीवर त्यांचंच आडनाव होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. वय चव्वेचाळीस. किडनी प्रत्यारोपण. दुपारी एक वाजता दाखल. त्यांचा फोन सकाळपासून कुलपात होता. भावजयीने अकरा वेळा केला होता, ते त्यांना मागाहून कळलं.

तो कोपऱ्यातल्या खाटेवर होता. पोशाखातली बाई कोण, हे त्याला ओळखू यायचं कारण नव्हतं, पण त्यांनी उजवा हात धरला आणि त्याने डोळे उघडले. डाव्या हातावर यंत्राच्या दिवसांत केलेली शिरांची जुनी जोडणी होती, त्या हाताला कुणी सुई लावायची नसते. न विचारता थेट उजवा हात धरणारं माणूस त्या वॉर्डात एकच.

"ताई," तो म्हणाला, "पाहुणी घाबरलीय गं."

त्यांनी रबरी पट्टा बांधला. त्या हातावरची शीर त्यांना पाठ होती, डोळे मिटून सापडली असती. सुई टेकवली आणि चुकली. पुन्हा टेकवली. पुन्हा चुकली. शेवटी नर्सने येऊन त्यांच्या हातातून सुई काढून घेतली. मावशी बाजूला उभ्या राहून बघत राहिल्या. आपलं आणि त्याचं मिळून हे रक्त, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

बारक्या वाचला. एकवीस दिवसांनी तो घरी गेला. पण नवव्या दिवशी किडनीने काम सोडलं आणि ती पुन्हा सुरू झाली नाही. हे सांगायला तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई मावशींना बाहेर घेऊन आल्या. समजावून सांगत होत्या, आकडे दाखवत होत्या. मावशींना आकडे कळत होते, जन्म त्यातच गेला होता. तरी त्या विचारत राहिल्या, "म्हणजे गेली? पूर्ण गेली?" लहान मूल विचारतं तसं. आणि हात आपसूक कमरेच्या डाव्या बाजूला गेला, जिथे अकरा वर्षांपूर्वीचा वण होता.

साथ ओसरल्यावर त्या कपाटातली वही घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. भांडायला गेल्या नव्हत्या. कुणीतरी आपल्याला चूक ठरवावं, तुमचा हिशेब कच्चा आहे म्हणावं, अशी त्यांची मनातून इच्छा होती.

डॉक्टरांनी वही शेवटपर्यंत पाहिली. पेन्सिल घेऊन कागदावर काहीतरी मांडलं. मग चष्मा काढला.

"न उघडलेल्या दारांआड चारातला एक धरला, तर पंचावन्न," ते म्हणाले. "फार तर छप्पन. बहात्तर नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आणि मावशी, बहात्तर असते तरी उपयोग नव्हता. विषाणूने रूप बदललं, लोकांची प्रतिपिंडं चार-सहा महिन्यांत उतरली. गोवराचं तसं नसतं. भिंत म्हणून आपण जे दाखवलं ते ओल्या मातीचं होतं."

"तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी खणातून एक कागद काढून समोर सरकवला. "हे वाचा. माझ्याकडे राहून राहून मला ते जड झालंय."

टंकलेला एकच कागद होता. तारीख सर्वेक्षणाच्या चार महिने आधीची. मावशींनी सावकाश वाचला. तरुण व निरोगी वर्गात संसर्ग हळूहळू पसरू द्यावा. तो थांबवण्यासाठी विशेष प्रयत्न करू नयेत. वृद्ध व व्याधिग्रस्तांनी स्वतःहून घरात राहावं. अशाने काही महिन्यांत सामूहिक प्रतिकारशक्ती येईल. खाली तक्ता होता. वयोगट, संख्या, अपेक्षित हानी. शेवटची ओळ 'अन्य व्याधी असलेले' अशी होती, आणि तिच्यापुढे एक शब्द. स्वीकारार्ह.

त्यांना आधी अर्थच लागेना. पुन्हा वाचलं.

"म्हणजे आधी ठरलं होतं? आणि आम्ही दारोदार रक्त काढत फिरलो, ते किती शिजलंय ते बघायला?"

"मावशी, सगळं बंद ठेवलं असतं तर लोक भुकेने मेले असते. तेही कुणीतरी मोजलं होतं. हा कागद लिहिणारी माणसं राक्षस नव्हती. मी त्या बैठकीत होतो. मी गप्प बसलो."

"ते असू दे, मोजलं तर मोजलं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "पण या शेवटच्या ओळीतल्या कुणाला विचारलंत का?"

"असे निर्णय एकेकाला विचारून होत नाहीत."

"माझे होतात. एकतीस वर्षं मी लस टोचतेय. पोराच्या आईला विचारते. सही घेते. नको म्हणाली तर तशीच परत येते, पुन्हा जाते, समजावते. एका टोचणीसाठी एवढं. आणि आजार अंगात जाऊ द्यायला काहीच विचारायचं नाही?"

डॉक्टरांनी तो कागद परत मागितला. मावशींनी तो दिला. त्याची एक प्रत काढून ठेवावी, कुणाला दाखवावी, असं त्यांच्या मनात आलंच नाही. ते बाहेर आल्यावर जिन्यात आलं, आणि मग कितीतरी दिवस त्या स्वतःवरच चिडत राहिल्या.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी केली. पुढचं सर्वेक्षण निघालं तेव्हा टॅब्लेटमध्ये न उघडलेल्या दारांची नोंद आली, आणि तिथे तीन वेळा जाण्याचा नियम झाला. मावशींनी तीनच्या जागी पाच खेपा घातल्या. निकालात दोन आकडे शेजारी शेजारी छापले गेले. पहिल्या हाकेला दार उघडणाऱ्यांत शंभरातले नव्वद, उशिरा उघडणाऱ्यांत चौसष्ट. वर्तमानपत्रांनी नव्वदच उचलला.

मग लस आली. मावशींनी महिनोन्महिने दिवसाला दीडशे-दोनशे दंड टोचले. काही जण तावातावाने म्हणायचे, "मला होऊन गेलाय, मला काय गरज?" पूर्वी मावशींनी अशांना चार शब्द सुनावले असते. आता त्या म्हणायच्या, "तुम्हाला नसेल. माझ्या भावाला आहे. बसा, दोन मिनिटं सांगते." बरेच जण ऐकून बाही वर करायचे. काही उठून जायचे.

बारक्यालाही दोन टोचण्या झाल्या. महिन्याने मावशींनी त्याचं रक्त तपासायला पाठवलं. निकाल शून्य आला. प्रयोगशाळेची चूक असेल म्हणून पुन्हा पाठवलं. पुन्हा शून्य. अकरा वर्षांच्या गोळ्यांनी आणि आजाराने त्याच्या शरीरात काही उभं करायची ताकदच ठेवली नव्हती. निकाल घेऊन त्या त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो पुस्तकाची पानं शिवत होता. आठवड्यातले तीन दिवस यंत्रावर जात, उरलेल्या दिवसांत जमेल तसं घरीच काम.

"म्हणजे मी अजून दुसऱ्यांच्याच भरवशावर," तो म्हणाला आणि दोरा दातांनी तोडला.

मावशी समोर बसून पानांच्या कडा जुळवायला लागल्या. निवृत्तीनंतर हेच त्यांचं काम झालं, सकाळी त्याच्याकडे जायचं आणि हातभार लावायचा. त्यांनी जाळीशी येऊन 'बाहेर ये' म्हटलं, त्या संध्याकाळबद्दल दोघं कधी बोलली नाहीत.

एकदाच तो विषय निघाला, तोही भावजयीच्या तोंडून. ती चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "ताई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही म्हणाला नसता तरी हे एक दिवस बाहेर पडलेच असते. कंटाळले होते."

"हो," बारक्या म्हणाला, "पडलो असतो."

मावशींनी दोघांकडे पाहिलं. दोघंही खोटं बोलत होती, आणि किती वाईट बोलत होती.

"तुझी खळ घट्ट झालीय, बारक्या," त्या म्हणाल्या. "पाणी आण जरा."